महानंदा अक्कांच्या भिंतीवरची पाची

बेंगळुरात, जलहळ्ळीच्या आतल्या एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, पीण्या औद्योगिक वसाहतीतला भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर, रेणुका एनक्लेव्ह नावाची चार मजली, सोळा घरांची इमारत आहे. नाव भारदस्त आहे, पण लिफ्ट आठवड्यातून दोनदा रजेवर असते आणि कोणाकडे कुठली भाजी शिजतेय ते जिन्यातच कळतं. तळमजल्याला, मागच्या अंगाला महानंदा अक्का राहतात. वय त्रेसष्ट, उंची बेताची, आणि नजर अशी की समोरून जाताना माणूस उगाच शर्टाची बटणं चाचपतो.

त्यात अक्कांचा दोष नाही, नोकरीचा आहे. निपाणीहून लग्न करून बेंगळुरात आल्या आणि चौतीस वर्षं एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात बसल्या. नवरा, कृष्णाजी, त्याच कारखान्यात स्टोअर्सला. अक्कांच्या हातात आयुष्यभर दोनच वस्तू राहिल्या: दहापट मोठं दाखवणारं भिंग, आणि गेज. गेज म्हणजे पोलादी दांडी. तिचं एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'. नटाच्या आट्यांत गो टोक सुरळीत गेलं पाहिजे आणि नो-गो टोक अडलं पाहिजे. तसं झालं तर माल पास, नाहीतर रिजेक्ट. वशिला नाही, 'चालतंय की ओ' नाही. पुढे पुढे ही दांडी त्यांच्या डोक्यातच जाऊन बसली. भेंडी घेताना गो, नो-गो. दूधवाला बोलताना गो, नो-गो. कृष्णाजींचं तर रोज सकाळी होतं, आणि निकाल शेजारच्या घरात ऐकू जातो.

एक गोष्ट मात्र अक्कांना आतून टोचायची. ती त्यांनी फक्त दोघींना सांगितली होती, म्हणजे सोळाही घरांना ठाऊक होती. कारखान्यात पास झालेल्या मालावर कोणाचं नाव नसायचं. तो खोक्यात बसून निघून जायचा. रिजेक्ट मालाला लाल चिठ्ठी लागायची, आणि तिच्यावर तपासणाऱ्याची सही.

"चौतीस वर्षं सही करतीय," अक्का म्हणायच्या, "पण एक सही अशी नाही की ज्याच्यावर केली ते ठेवलं. सगळं काढलंच हो मी."

रिटायर झाल्यावर हात रिकामे झाले. भिंग मात्र त्या घरी घेऊन आल्या. ते त्यांचं स्वतःचं होतं, असं त्या सांगतात, आणि कारखान्याने अजून तरी विचारलेलं नाही. मागच्या दारासमोर दोन हात बोळ, आणि बोळापलीकडे कंपाउंडची जुनी दगडी भिंत. दगडांच्या फटीत एक नेचं उगवलं होतं, कंगव्यासारख्या पानांचं. अक्कांनी त्याला घरातलं माणूस मानलं, म्हणजे त्याची तपासणी सुरू केली.

पानं उलटून बघितली तर खाली तपकिरी ठिपके. रोग! अक्कांनी कात्री आणली आणि ठिपक्यांची पानं कचकच कापून बादलीत टाकली. पुढच्या महिन्यात पुन्हा ठिपके, पुन्हा कात्री. असं तीन वर्षं चाललं. नेचं बिचारं वाढायचं, अक्का छाटायच्या, आणि कृष्णाजी दारात कॉफी घेऊन म्हणायचे, "त्याला बोनस तरी दे गं. ओव्हरटाइम करतंय."

मग एका सकाळी भिंग लावून अक्का कापलेलं पान बघत होत्या आणि हात थांबला. ठिपके दोन ओळींत होते. मधल्या शिरेच्या डावीकडे एक ओळ, उजवीकडे एक. दोन ठिपक्यांतलं अंतर सारखं. त्यांनी दुसरं पान घेतलं. तेच अंतर. बादलीत हात घालून दहा पानं काढली, फरशीवर मांडली, घरातून फूटपट्टी आणली. दहाच्या दहा पानांवर तोच मेळ.

अक्का फरशीवर बसल्या. चौतीस वर्षांत एकच गोष्ट त्यांना पक्की कळली होती: दोष कधी शिस्तीत येत नाही. ओरखडा तिरका पडतो, गंज वाटेल तिथे चढतो. सारख्या अंतराने जे येतं तो दोष नसतो, ते ड्रॉइंगमध्ये असतं. कोणीतरी ते तसंच असावं असं ठरवलेलं असतं.

"म्हणजे हे ड्रॉइंगप्रमाणे आहे," त्या कृष्णाजींना म्हणाल्या.

"कोणाच्या ड्रॉइंगप्रमाणे?"

त्याचं उत्तर तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथे वल्लरी नावाची साताऱ्याकडची पोरगी भाड्याने राहते, वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते आणि तीन-तीन आठवडे जंगलात गायब होते. अक्कांनी पान हातात घेऊन तिला जिन्यातच गाठलं.

"हा रोग कुठला गं?"

वल्लरीने पान उलटं केलं आणि हसली. "अक्का, हा रोग नाही. ही याची पोरं आहेत."

"पोरं?"

"नेच्याला फूल येत नाही, बी येत नाही. या एकेका ठिपक्यात हजारो कण असतात, धुळीपेक्षा बारीक. बीजाणू म्हणतात. ते उडतात, कुठे ओल मिळाली की रुजतात."

अक्कांनी बादलीकडे बघितलं नाही, कारण बादली खाली होती. पण ती त्यांना दिसली. तीन वर्षांच्या बादल्या एकावर एक दिसल्या.

"मी सगळी कापली गं," त्या म्हणाल्या. "रिजेक्ट म्हणून."

त्या दिवसापासून कात्री ट्रंकेत गेली आणि अक्का भिंतीला लागल्या. वल्लरी घरी असली की तिला पोहे खिलवून माहिती काढायच्या. कॉफीला बोलवायच्या आणि दोन तास सोडायच्या नाहीत. पोरगी म्हणायची, "अक्का, माझे गाईडसुद्धा इतके प्रश्न विचारत नाहीत." अक्का म्हणायच्या, "त्यांना पगार मिळतो ना, म्हणून."

आणि भिंत उघडत गेली. ड्रेनेजच्या पाइपाखाली दगडावर जो हिरवा बुळबुळीत थर होता, ज्याच्यावरून कृष्णाजी एकदा घसरून सुजलेला गुडघा सगळ्या इमारतीला दाखवून आले होते, तो सगळ्यांत जुन्या घराण्यातला. शैवाल. त्याला ना पान, ना खोड, ना मूळ. त्याचे पूर्वज पाण्यात राहायचे. त्याच्या वरच्या दगडांवर मखमलीसारखा मऊ पट्टा होता, तो मॉस. आपण मराठी माणसं दोघांनाही शेवाळच म्हणून मोकळे होतो, पण भिंगाखाली मॉसला नखाच्या कोरीएवढं खोड दिसतं आणि खोडाभोवती पानं. त्याच्या अंगात पाणी चढवायला नळ्या नाहीत. ते सगळ्या अंगाने पाणी पितं.

"पाण्यातून जमिनीवर येणाऱ्यांत याचे पूर्वज अगदी पहिले," वल्लरी म्हणाली. "सत्तेचाळीस कोटी वर्षं होऊन गेली असतील."

"त्याच्या आधी जमिनीवर काय होतं?"

"दगड. फार तर ओलसर जागी असा हिरवा थर."

"अगं, पण झाडं?"

"नव्हती. गवत नव्हतं, फूल नव्हतं, पक्षी नव्हते. सगळी जमीन म्हणजे या भिंतीसारखी, नागडी."

अक्का भिंतीकडे बघत राहिल्या. पलीकडच्या रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्यांना एकदम ती सगळी पृथ्वी दिसली: मैलोगणती दगड, वर आभाळ, कुठे हिरवं म्हणून दिसायला नाही, आणि पाण्याच्या काठाला एक नखभर ओला पट्टा, जो आज त्यांच्या मागच्या दारासमोर बसला होता, कोणाला पत्ता न लागू देता. त्यांच्या अंगावर काटा आला. तो त्यांनी कृष्णाजींना दाखवलासुद्धा.

"थंडी वाजतीय का?" कृष्णाजी म्हणाले.

मग नेचं आलं. त्याने अंगात नळ्या बसवल्या, पाणी वर चढवलं आणि उंच झाला तो त्याचा वंश. एके काळी नेच्याचे भाऊबंद झाडांएवढाले होते आणि त्यांची जंगलं गाडली जाऊन कोळसा झाला, हे ऐकल्यावर अक्का दोन दिवस गॅसचा सिलिंडरसुद्धा आदराने हलवायच्या. नेच्यानंतर बी आलं. बी म्हणजे डबा भरून पोराला प्रवासाला पाठवणं, हे अक्कांना चटकन पटलं; निपाणीहून बेंगळुराला त्या तशाच आल्या होत्या. आधीचं बी उघडंच असायचं. त्याचा नमुना भिंतीवर नव्हता, पण गेटाशी बिल्डरने लावलेलं सायकसचं झाड होतं. त्याच्या डोक्यात, पानासारख्या खवल्यांच्या कडेला, लिंबाएवढ्या बिया उघड्या बसलेल्या. फूल नाही, फळ नाही. सोळा घरं वीस वर्षं त्या झाडाशेजारी स्कूटर लावत होती आणि एकानेही मान वाकवून आत बघितलं नव्हतं. आणि सगळ्यांत शेवटी, परवा परवा म्हणावं असं, तेरा-चौदा कोटी वर्षांपूर्वी, फूल आलं. भिंतीच्या माथ्यावर एकदांडीचं पिवळं फूल डुलत होतं, त्याच्या अंगात हा सगळा प्रवास.

अक्कांनी या सगळ्याचं गेज केलं. कार्डावर चार प्रश्न लिहिले, कारखान्याच्या अक्षरात. पान-खोड आहे? नसेल तर थांब, शैवाल. नळ्या आहेत? नसतील तर थांब, मॉस. बी आहे? नसेल तर थांब, नेचं. बीवर फळाची पेटी आहे? नसेल तर थांब, सायकसची मंडळी. सगळीकडे गो, तर फुलवाली. वल्लरीने कार्ड वाचून म्हटलं, "अक्का, आम्हाला हे शिकायला एक सेमिस्टर लागलं." मग दोन ठिकाणी अडखळणारे अपवाद सांगितले. अक्कांनी ते मागच्या बाजूला लाल शाईने लिहिले.

कृष्णाजींनी कार्ड हातात घेतलं. "मग मला कुठल्या गटात घालशील?"

"मॉस," अक्का क्षणाचाही वेळ न घेता म्हणाल्या. "मूळ नाही, नळी नाही, एका जागी चिकटलेले. जागेवर पाणी आणून दिलं की हिरवे होता."

हे वाक्य लक्षात ठेवा. कृष्णाजींनी ठेवलं.

अशातच फेब्रुवारीत सुहासने नोटीस लावली. सुहास म्हणजे आमच्या असोसिएशनचा सेक्रेटरी, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला. इलेक्ट्रॉनिक सिटीला नोकरी, म्हणजे अर्धं आयुष्य बसमध्ये, आणि बसमध्ये बसून कानाला वायर लावून कन्नडचे धडे. मुलगा चांगला, पण उत्साहाला झाकण नाही. नोटिशीत लिहिलं होतं: मागची भिंत घाण दिसते, ती घासून, रंगवून तिच्यावर चित्र काढायचं. विषय: हिरवंगार जंगल. शेजारी नमुना चिकटवला होता, त्यात नारळाची झाडं, एक धबधबा आणि एक मोठ्या चोचीचा पक्षी, जो बेंगळुरातच काय, या खंडात सापडत नाही.

अक्कांनी नोटीस दोनदा वाचली आणि वर गेल्या.

"सुहास, भिंतीवर जंगलाचं चित्र काढायचं म्हणून तू भिंतीवरचं जंगल खरवडणार?"

"काकू, कुठलं जंगल?"

"तेच तर. तुला दिसत नाही ना."

बोलणं बरंच झालं. शेवटी सुहास म्हणाला, "काकू, फेअर ठेवू या. रविवारी दहाला मीटिंग आहे. तुम्ही सगळ्यांना दाखवा काय दाखवायचं ते. सोळापैकी नऊ घरं हो म्हणाली तर भिंत तशीच. नाहीतर सोमवारी ब्रश."

अक्का खाली आल्या. रात्रीच्या भाकरीला त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, एक तरी गोष्ट ठेवायची आहे मला. एक."

कृष्णाजींनी त्या दिवशी गंमत केली नाही. यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजा.

शुक्रवारी अक्कांनी भिंतीवर खडूने पाच चौकोन आखले, एक ते पाच आकडे घातले. पहिल्यात शैवाल, दुसऱ्यात मॉस, तिसऱ्यात नेचं, चौथ्यात चिकटपट्टीने लावलेली सायकसची बी, पाचव्यात एकदांडी. रविवारी एकेक उघडून दाखवायचं, म्हणून प्रत्येकावर जुन्या कॅलेंडरचं पान लावलं, पाठकोरी बाजू वर. वल्लरी जंगलात होती, फोन लागत नव्हता. आणि शनिवारी भाचीच्या, शलाकाच्या, घरी एचएसआर लेआउटला बारसं होतं. जलहळ्ळीहून एचएसआरला बारशाला जाणं म्हणजे दिवस गेला. सकाळी आठला दोघं निघाले.

परत आले तेव्हा उन्हं कलली होती. अक्का चप्पल न काढता मागे गेल्या. पाचही कागद निघाले होते. तीन, चार आणि पाच जागच्या जागी. एक आणि दोन नंबरचे दगड खरवडून, घासून, देवाच्या भांड्यासारखे लख्ख.

बोळाच्या टोकाला झाडूवाली गंगव्वा हात धूत होती. ही रायचूरकडची, कामाला वाघ. रविवारी मीटिंग आहे म्हणून तिने शनिवारीच मागची बाजू घासायला घेतली होती.

"गंगव्वा, हे कोणी केलं गं?" अक्कांनी कन्नडमध्ये विचारलं.

"नानं, अक्कोरे! सरे हेळिद्रु." मीच केलं, सरांनीच सांगितलं, असं गंगव्वा आनंदाने म्हणाली. तिला शाबासकी हवी होती. "केळिदी सरना, पाची तेगीलेन्री? सर हेळिद्रु, हौदु हौदु, तेगी!"

सुहासला बोलावलं. तो बनियनवरच धावत आला. भिंत बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"काकू, शप्पथ, मी हे सांगितलं नाही! मी तर तिच्याशी चक्क कन्नडमध्ये बोललो."

"काय बोललास?"

"ती म्हणाली, पाची तेगी का? तेगी म्हणजे उघड. बागलु तेगी, दार उघड, आमच्या दुसऱ्याच धड्यात आहे. मला वाटलं, कागद उघडू का विचारतेय, वाळायला वगैरे. म्हटलं, हो हो, पाची उघड!"

"आणि पाची म्हणजे?"

"पाची म्हणजे पाची! पाचही! पाचच कागद लावलेत ना तुम्ही?"

अक्कांनी भिंतीला हात टेकला. गंगव्वाला मराठी येत नव्हतं, सुहासला कन्नड येत नव्हतं, आणि दोन्ही येणारी बाई दिवसभर एचएसआरला पेढे खात होती.

"अरे बाळा," त्या म्हणाल्या, "कन्नडमध्ये पाची म्हणजे शेवाळ. शेवाळ काढू का, असं विचारत होती ती. आणि तेगी म्हणजे काढसुद्धा."

सुहास मटकन पायरीवर बसला. "तिसऱ्या धड्यात असेल," तो क्षीणपणे म्हणाला.

गंगव्वाला आता कळलं की काहीतरी बिनसलं. तिने घाईघाईने कोपऱ्यातली रंगाची जुनी बादली आणली. खरवडलेलं सगळं तिच्यात होतं. दिवसभर उन्हात पडलेलं. अक्कांनी चिमूट उचलून भिंग लावलं. मॉस निपाणीच्या तंबाखूसारखं सुकून, वळून पडलं होतं. तपकिरी, कुरकुरीत. प्रत्येक पान आतल्या बाजूला मिटलेलं, मूठ वळल्यासारखं.

त्यांनी भिंग कनवटीला खोचलं. "गेलं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

रविवारी दहाला बोळात अकरा घरांची माणसं जमली. बाकीच्यांनी फोनवर 'जे ठरेल ते' कळवलं होतं. कृष्णाजी प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात पाण्याचा स्टीलचा तांब्या. अक्कांनी साडी धुवट नेसली होती, पण चेहऱ्याला इस्त्री नव्हती. एका ताटलीत त्यांनी बादलीतलं सुकलेलं मॉस ठेवलं होतं. का ठेवलं ते त्यांनाच माहीत. रिजेक्ट मालसुद्धा टेबलावर ठेवून दाखवायचा, ही सवय असावी.

"एक नंबरला शैवाल होतं," त्या म्हणाल्या. "पाइप गळतोय, महिनाभरात परत धरेल. पण दोन नंबर गेला. मी खोटं बोलणार नाही. सगळ्यांत मोठं दाखवायचं ते हेच होतं. पाण्यातून वर आलेलं पहिलं हिरवं. आता ते नाही, तर बाकीच्याची गोष्ट अर्ध्यातूनच सुरू होते. आजी-आजोबांशिवाय नातवंडं दाखवल्यासारखं."

कोणीतरी खोकललं. पहिल्या मजल्यावरचे हणमंतराव घड्याळाकडे बघू लागले. सुहास मान खाली घालून उभा. नऊ घरं मिळणार नाहीत हे अक्कांना दिसत होतं.

"अगं ए," खुर्चीतून आवाज आला. "मॉस आहे ना ते?"

"होतं."

"मग पाणी दे की त्याला. मला म्हणालीस ना, जागेवर पाणी दिलं की हिरवा होतो म्हणून. त्याला तरी दिलंस का?"

लोक हसले. अक्का चिडल्या. नवऱ्याला चारचौघांत काय बोलावं याचा विचार करत त्यांनी त्यांच्या हातातला तांब्या ओढून घेतला, आणि केवळ त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून, देवाला शिंपडतात तसं बोटांनी पाणी ताटलीवर शिंपडलं.

सवयीने भिंग डोळ्याला गेलं.

पहिल्यांदा काहीच नाही. नुसते तपकिरी गोळे, त्यांवर चमकणारे थेंब. मग एका गोळ्याच्या टोकाला काहीतरी हललं. अक्कांना वाटलं, वाऱ्याने. त्यांनी श्वास धरला. पुन्हा हललं. वळलेलं एक पान सैल झालं, मूठ सुटावी तसं, आणि हळूहळू मागे झुकत पसरलं. त्याच्या शेजारचं सुटलं. मग पलीकडचं. पाणी जिथवर पोहोचत होतं तिथवर पानं उघडत होती, एकामागून एक, आणि उघडलेलं पान तपकिरी नव्हतं. हिरवं होतं. काच उजेडाला धरावी तसं पारदर्शक हिरवं. बघता बघता गोळ्याची चांदणी झाली, तिच्याशेजारी दुसरी, ताटलीभर चांदण्या.

हे मेलेलं नव्हतंच. हे थांबलं होतं. ज्यांच्या वेळी जमिनीवर नुसता दगड होता, जिथे कधी पाणी मिळे कधी न मिळे, त्यांनी एवढंच शिकून घेतलं होतं: नाही मिळालं की मूठ मिटायची, मिळालं की उघडायची. कोट्यवधी वर्षं तेच. एका शनिवारचं ऊन आणि गंगव्वाचा तारेचा ब्रश त्या घराण्याला काय वाटणार! आणि त्यांनी स्वतः, चौतीस वर्षांचा अनुभव घेऊन, काल संध्याकाळी म्हटलं होतं, गेलं.

"काकू?" सुहासने हळूच विचारलं. "काय झालं?"

त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं. तो वाकला. आधी म्हणाला, "कुठे?" मग आणखी वाकला. हणमंतरावांनी त्याला तीनदा ढोसलं तरी तो भिंग सोडेना. मग हणमंतराव बघत राहिले, मग त्यांची सून. भिंग हातोहात फिरलं. बोळात इतकी शांतता पसरली की पाइपातून गळणारा थेंब ऐकू आला. रेणुका एनक्लेव्हच्या मीटिंगमध्ये हे पहिल्यांदा घडलं.

गंगव्वा लांब उभी होती. अक्कांनी तिला खुणेने बोलावलं, भिंग कसं धरायचं ते दाखवलं.

"अव्वा!" गंगव्वा म्हणाली. "जीव ऐती!"

जीव आहे. हे भाषांतर करायची गरज पडली नाही.

नंतर अक्का बोलल्या, ते सगळं बोलल्या. तीन नंबरचं पान उलटून ठिपके दाखवले, स्वतःच्या कात्रीची गोष्ट हसत हसत सांगितली, सगळ्यांना गेटापर्यंत नेऊन सायकसच्या डोक्यात वाकून बघायला लावलं. तिथे हणमंतराव म्हणाले, "अहो, मी रोज इथे स्कूटर लावतो!" परत येऊन अक्कांनी एकदांडी दाखवली तेव्हा लोक त्या रस्त्याकडेच्या फुलाकडे असे बघत होते जसं काही ते फार लांबून चालत आलं आहे. जे खरंच आहे.

मोजणी कोणी केलीच नाही. सुहासने खिशातून तो धबधब्याचा आणि चोचवाल्या पक्ष्याचा कागद काढून घडी केली. मग तो गंगव्वाकडे वळला, दोन पावलं पुढे गेला, घसा साफ केला. सगळे एक पाऊल मागे सरले, कारण तो आता कन्नड बोलणार हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"गंगव्वा," तो म्हणाला, "पाची तेगीबेडा. पाची इरली." आणि भिंतीवरच्या पाच चौकोनांकडे बोट दाखवत मराठीत म्हणाला, "पाची राहू देत. पाचीच्या पाची."

"सरी, सर," गंगव्वा म्हणाली. "पाची इरली."

कोणाला काय कळलं ते अक्कांनी मनातल्या मनात दोन्ही भाषांत तपासून बघितलं. दोन्हीकडे गो.

लोक पांगल्यावर त्यांनी दोन नंबरच्या दगडावर ओली माती थापली आणि ताटलीतल्या चांदण्या एकेक करून दाबून बसवल्या. धरतील की नाही हे वल्लरी आल्यावर विचारायचं होतं, पण घाई नव्हती. या मंडळींना नाही, तर अक्कांना का असावी. मग कॅलेंडरचं एक पान उचललं, पाठकोऱ्या बाजूवर 'पास' असं लिहिलं आणि खाली सही केली, चौतीस वर्षं करत होत्या तशी, लांब शेपटीची.

कृष्णाजी खुर्चीतून बघत होते. "आणि मला?"

अक्कांनी तांब्यात उरलेलं पाणी त्यांच्या हातात दिलं.

"आधी हे प्या," त्या म्हणाल्या. "मग बघू."